घ्यायची पायली, द्यायची पायली

काल संध्याकाळी मारुतीच्या पारावर तू चार पोरांसमोर जे बोललास ते मी ऐकलं. पलीकडच्या दगडावर बसलो होतो. तुला दिसलो नसेन. दिसलो असतो तरी तू थांबला असतास, असं आता वाटत नाही. एका पोरानं तुला सरळ विचारलं होतं, "दादा, अक्काची सही खोटं सांगून घेतली म्हणतात, खरं का?" त्याला दोनच उत्तरं होती. घेतली नाही, किंवा घेतली आणि चुकलो. तू तिसरंच दिलंस. खरं-खोटं, पाप-पुण्य असं जगात मुळात काही नसतं म्हणालास. सगळा दृष्टिकोनाचा प्रश्न. अक्काच्या जागेवरून एक दिसतं, तुझ्या जागेवरून दुसरं. जुन्या माणसांना हे कळत नाही, म्हणून ती देवाचं नाव पुढं करतात. पोरं गप्प झाली. पुण्यात नोकरी करणाऱ्या माणसाला उलटून काय विचारावं हे त्यांना सुचलं नाही. मला सुचतंय. बस खाली, आणि माझं संपेपर्यंत मोबाईल खिशातच राहू दे.

आधी कागदाचं बोलू, मग देवाचं.

तुझी अक्का माझ्या हाताखाली मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. लग्न होऊन उमरग्याकडं गेली. तिला कन्नड बोललेलं थोडं कळतं, वाचता येत नाही. हे तुला ठाऊक होतं. अप्पांच्या माघारी तू तिला बसवकल्याणला बोलावून घेतलंस, ऑफिसबाहेर झाडाखाली टेबल मांडून बसलेल्या बॉण्ड रायटरकडून कागद करून घेतलास आणि तिच्यापुढं ठेवलास. तिनं ओळीखाली बोट ठेवलं. मीच लावलेली सवय ती: वाचताना बोट सरकत गेलं पाहिजे. पण बोट सरकेना. तिनं विचारलं, "काय लिहिलंय रे?" तू म्हणालास, "पीककर्जाचं आहे, वारसांच्या सह्या लागतात." तिनं सही केली. मराठीत, पूर्ण नाव, शिरोरेषा शेवटच्या अक्षरापर्यंत ओढून. तशी ओढायलाही मीच शिकवलं होतं.

महिन्याभरानं त्याची झेरॉक्स घेऊन ती माझ्या ओसरीवर आली. "गुरुजी, तुम्हाला कन्नड येतं, एवढं वाचून दाखवा." पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: हक्कु बिडुगडे पत्र, म्हणजे हक्क सोडल्याचा कागद. मी तिथंच अडलो. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पुढचं वाचायला सांगितलंच नाही. जमिनीच्या पहाणीवरून तिचं नाव का गेलं ते तिला कळलं.

त्या एका शब्दाकडं नीट बघ. कन्नडात हक्कु, मराठीत हक्क, आपल्या मशिदीतल्या मौलवींच्या उर्दूत हक. मूळ शब्द अरबी. त्याचा पहिला अर्थ वाटा नव्हे, सत्य. अरबीत देवाच्या नावांपैकी एक नाव अल-हक्क आहे. आपल्या या सरहद्दीवर तीन भाषा एकमेकींच्या ओसरीवर बसतात, आणि तिन्हींत हा शब्द एकच आहे. तो कागद तिला कुठल्याही भाषेत वाचून दाखवला असतास तरी हा शब्द तिला कळला असता. म्हणूनच तू वाचून दाखवला नाहीस. तुला स्वतःला जर खरं-खोटं काही नसतं असं वाटत होतं, तर पीककर्ज म्हणून सांगायची गरज काय पडली? ज्याला सत्य नाही असं खरोखर वाटतं, त्याला खोटं बोलायला लागत नाही. कागद पुढं ठेवायचा आणि म्हणायचं, अक्का, तुझा वाटा मी घेतोय, माझ्या दृष्टिकोनातून हे बरोबर आहे. तू तसं म्हणाला नाहीस. सत्य तिथं हजर आहे हे तुला माहीत होतं, आणि तू त्याच्याकडं पाठ केलीस.

तुझं तत्त्वज्ञान सहीच्या नंतर आलं. सहीच्या आधी ते कुठं होतं?

आणखी एक विचारतो. पुण्यात फ्लॅटचं बुकिंग केलंस तेव्हा त्या बिल्डरनं कबूल केल्यापेक्षा खोली लहान दिली, म्हणून तू सहा महिने भांडलास. गावात येऊन मला तावातावानं सांगत होतास, "गुरुजी, ही सरळसरळ फसवणूक आहे." तेव्हा बिल्डरच्या दृष्टिकोनाची तुला आठवण झाली नाही. तिथं फसवणूक ही फसवणूकच होती, भिंतीइतकी पक्की. इथं अक्काच्या वेळी तीच पातळ झाली. तुझ्या आजीच्या भाषेत सांगायचं तर घ्यायची पायली वेगळी आणि द्यायची वेगळी.

तुझी आजी मी पाहिली आहे. खळ्यावर ज्वारीची रास पडली की पायली तिच्या हातात असायची. सुताराला, लोहाराला, खळ्याबाहेर पदर पसरून उभ्या असलेल्या बाईला, सगळ्यांना ती शीग लावून माप घालायची. आणि स्वतः उसनी आणलेली ज्वारी परत करतानाही शीग लावायची. पायली एकच. बाजारात त्या काळी पोकळ बुडाची पायली ठेवणारेही होते. आत दोन बोटं वर पाट ठोकलेला, वरून बघणाऱ्याला कळायचं नाही. आजी माप घेण्याआधी आत हात घालून बूड चाचपायची. मी आज तेच करतोय. तुझ्या या दृष्टिकोनाच्या आत हात घातला, तर दोन बोटांवर पाट लागला.

तुला वाटतं, एक देव मानणं म्हणजे उदबत्ती, नवस आणि भीती. अरे, तुझ्या गळ्यात लिंग आहे. ते गळ्यात का आलं याचा तू कधी विचार केलास का? बसवण्णांनी देवळाचा देव माणसाच्या अंगावर आणला, म्हणून देवळाचे दरवाजे ज्यांना बंद होते त्यांनाही देव मिळाला, हे तू भाषणात सांगतोस. खरंच आहे ते. पण त्याची दुसरी बाजू तू सांगत नाहीस. देव देवळात असला की माणूस बाहेर पडल्यावर मोकळा होतो. देव अंगावर असला की मोकळी जागाच उरत नाही. शेतात तो आहे, अडतीवर तो आहे, सबरजिस्ट्रारच्या ऑफिसातही आहे. त्या दिवशी अक्काला पेन देताना तू टेबलावर वाकलास, तेव्हा लिंगाची ती चांदीची डबी त्या कागदावर लोंबली असेल.

याच कल्याणात, म्हणजे आपल्या बसवकल्याणात, आय्दक्की मारय्या आणि लक्कम्मा राहिले. सांडलेला तांदूळ वेचून आणायचा आणि त्यावर स्वतःचं पोट भरून शरणांना, बसवण्णांच्या अनुयायांना, जेवू घालायचं, हे त्यांचं कायक, रोजचं काम. एकदा मारय्यानं रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणला. लक्कम्मानं तो घरात घेतला नाही. आपल्याला लागतो तेवढाच आपला, वरचा होता तिथं टाकून ये, म्हणून नवऱ्याला माघारी पाठवलं. चोरीचा नव्हता तो तांदूळ, वेचलेलाच होता. तरी मूठभर जास्तीचं तिला ओझं झालं. ही गोष्ट तू पाचवीत असताना मी वर्गात सांगितली होती. तू पहिल्या बाकावर होतास आणि तू विचारलं होतंस, "गुरुजी, मग तो तांदूळ पाखरांनी खाल्ला का?" त्या पोराची मला फार आठवण येते.

कल्याणचीच दुसरी गोष्ट घे, कारण तुझ्या मताची खरी परीक्षा तिथं आहे. हरळय्या चर्मकार, मधुवरस जन्मानं ब्राह्मण. दोघेही शरण झाले, आणि हरळय्यांच्या मुलाचं मधुवरसांच्या मुलीशी लग्न लागलं. बाराव्या शतकात. बिज्जळ राजानं दोघा बापांना धरलं, डोळे काढले, हत्तीच्या पायाला बांधून कल्याणच्या रस्त्यांतून फरफटत नेलं, अशी परंपरा सांगते. शरणांची वाताहत झाली, कुणी उळवीकडं गेले, कुणी आणखी कुठं.

आता तू सांग, बिज्जळ चुकला का? नीट विचार करून सांग. त्या काळची रीत बिज्जळाच्या बाजूला होती. शास्त्रं सांगणारे पंडित त्याच्या बाजूला, गावोगावचे मानकरी त्याच्या बाजूला. मतं मोजली असती तर हरळय्यांना चार घरांच्या पलीकडं मत पडलं नसतं. ज्या समाजाला जे बरोबर वाटतं तेच त्या समाजापुरतं बरोबर, असं तुझं म्हणणं असेल, तर बिज्जळ निर्दोष सुटला आणि हरळय्या गुन्हेगार ठरला. त्याच्यापाशी राजा नव्हता, रीत नव्हती, संख्याही नव्हती. त्याच्यापाशी एवढंच होतं, की ज्यानं मला घडवलं त्यानंच यांनाही घडवलं, आणि त्याच्यापुढं आमच्यात उंच-खाली नाही. राजाच्या वर कुणीतरी आहे, म्हणून राजा चूक असू शकतो. वरचं तेवढं काढून टाक, मग राजा कधीच चूक नसतो. बसवजयंतीला तू हरळय्यांच्या फोटोला हार घालतोस आणि पारावर बसून बिज्जळाची वकिली करतोस. दोन्ही एका तोंडानं होणार नाही.

काल तू माणिकप्रभूंचंही नाव घेतलंस. सकलमत म्हणजे सगळ्यांचं सगळं खरं, असं पोरांना सांगितलंस. माणिकप्रभू इथलेच, लाडवंतीला १८१७ साली जन्मले, कल्याणात वाढले, हुमनाबादेजवळ माणिकनगर वसवलं, १८६५ साली समाधी घेतली. त्यांच्या दारात हिंदूही येत, मुसलमानही येत. मराठीत, कन्नडात, हिंदुस्थानीत त्यांनी पदं केली. सगळ्या मतांना त्यांनी मान दिला, कारण सगळ्या मतांचं ठिकाण एक आहे अशी त्यांची खात्री होती. इथून माणिकनगरला कुणी बसवकल्याणवरून जाईल, कुणी आडवाटेनं जाईल. पण माणिकनगरच नाही म्हटल्यावर कुठलीही वाट कुठंच जात नाही. प्रभूंचं सकलमत आणि तुझं कशाचंच काही नाही, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्यांच्या नावावर हा माल खपवू नकोस.

रीती वेगळ्या असतात, हे मला कळत नाही असं समजू नकोस. मामा-भाचीचं लग्न आपल्याकडं मांडव घालून लागतं. उत्तरेकडं सांगितलं तर कानावर हात ठेवतात. कुणी माती देतं, कुणी अग्नी देतं. एकमेकांच्या रीतीला नाक मुरडू नये, हे मीच तुम्हाला शिकवलं. पण प्रेताला माती द्यायची की अग्नी यावर मतभेद असतो; जिवंत बहिणीला फसवावं की नाही यावर कुठल्या गावात मतभेद आहे? फसवणाराही तिथं लपवतो. लपवतो म्हणजेच त्याला माहीत असतं.

ज्यांनी ज्यांनी एक देव धरला, त्यांची गाठ शेवटी तराजूशी पडली. यहुद्यांच्या तोरात आज्ञा आहे की पिशवीत एक जड आणि एक हलकं अशी दोन वजनं ठेवू नका. कुराणात एक अख्खी सूरा मापात मारणाऱ्यांच्या नावाची आहे. लोकांकडून घेताना पुरं माप घेणारे आणि देताना कमी देणारे, असं त्यांचं तिथं वर्णन येतं. तुझ्या आजीला तोरा माहीत नव्हती, कुराण माहीत नव्हतं. तरी तिची पायली त्याच हुकमात होती. आणि आपले जोतीराव फुले. देव म्हणताना ते निर्मिक म्हणाले, १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, आणि निर्मिक एकच आहे म्हणून स्त्री आणि पुरुष यांचे हक्क सारखे, इथवर सरळ चालत गेले. त्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म' ते गेल्यावर, १८९१ साली छापलं गेलं. एका निर्मिकापासून निघून ते बहिणीच्या हक्कापर्यंत पोचले. तू दृष्टिकोनापासून निघालास आणि बहिणीच्या वाट्यावरच येऊन बसलास.

तुझं मत नवं आहे, हाही गैरसमज सोड. ग्रीसमध्ये प्रोटागोरस नावाच्या गृहस्थानं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच माणसाला सगळ्या गोष्टींचं माप ठरवलं होतं. प्लेटोनं म्हातारपणी लिहिलेल्या ग्रंथात त्याला उत्तर दिलं की आपलं माप देव आहे, माणूस नव्हे. अडीच हजार वर्षांची जुनी उधारी आहे ही.

तू म्हणशील, एक देव मानणाऱ्यांनीच रक्त सांडलं. म्हणशीलच, कारण आपल्या भागात ते सांगायला पुस्तक लागत नाही. मे १९४८ मध्ये निजामाच्या रझाकारांनी गोरटा गावात माणसं कापली. देवाचं नाव त्यांच्याही तोंडात होतं. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामशाही गेली. आणि त्यानंतर आपल्याच गावांतून निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना दिल्लीनं पाठवलं, ते त्या वर्षाच्या शेवटी गावोगाव फिरले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सगळ्यांत जास्त होरपळले, असं त्यांनी लिहिलं, आणि मेलेल्यांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान धरला. तो अहवाल पुढं कितीतरी वर्षं लोकांसमोर आलाच नाही.

माझ्या लहानपणी मी या दोन्ही गोष्टी ओसरीवर ऐकल्या. पण एका ओसरीवर दोन्ही कधी ऐकल्या नाहीत. एका घरात गोरटा सांगत, दुसऱ्या घरात नंतरचं सांगत, आणि प्रत्येक घरात दुसऱ्या गोष्टीला "त्याला कारण होतं" असं म्हणत. "आमच्या बाजूनं बघा" हे वाक्य मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. काल पारावर तुझ्या तोंडून तेच ऐकलं. देव एक आहे म्हणजे गोरट्यातल्या आईचं रडणं आणि सप्टेंबरानंतरच्या आईचं रडणं एकाच तराजूत पडतं; एकाचं वजन जास्त, एकाचं कमी असं होत नाही. मारणाऱ्यांनी देवाचं नाव घेतलं आणि माप मात्र आपापलं वापरलं. ते देवाला मानत होते म्हणून हे घडलं नाही. एकच माप सगळ्यांना लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्याला मानलं नाही.

त्याच डिसेंबरात, सुंदरलाल आपल्या मुलखात फिरत असताना, १० तारखेला पॅरिसला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. आदल्या वर्षी अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनं हरकत घेतली होती, की मूल्यं ज्या त्या संस्कृतीपुरती असतात, सगळ्या जगाला एक माप कसं लावणार. शिकलेली माणसं होती ती, आणि दुसऱ्यांच्या संस्कृतीवर दांडगाई होऊ नये ही त्यांची काळजी खोटी नव्हती. पण त्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात पुरुषवाचक शब्द होता, तो बदलून सगळी माणसं असा अर्थ स्पष्ट करा म्हणून भांडणारी बाई आपल्या देशातली होती: हंसा मेहता. आमच्याकडची रीत वेगळी आहे, असं सांगून बायकांना वगळलं जातं हे तिला चांगलं माहीत होतं. रीतीच्या वरचं माप कुणाला लागतं? जिला रीत काही देत नाही तिला.

आता तुझा शेवटचा मुद्दा. काल तू म्हणालास की मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथानं मुलीला जन्मानं वाटा दिला नव्हता, सरकारनं दिला, म्हणजे बरोबर-चूक बदलतंच. मिताक्षरा कुठं लिहिली गेली ते तरी माहीत आहे का तुला? याच कल्याणात, सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात, विज्ञानेश्वरांनी. मुलाला वडिलार्जित जमिनीत जन्मतःच हक्क, हे तिथलं तत्त्व, आणि शेकडो वर्षं देशाच्या मोठ्या भागात न्यायनिवाडे त्यावर झाले. मुलगी त्यातून बाहेर राहिली. १९९४ साली कर्नाटकानं आधी लग्न झालेल्या मुली वगळून बाकीच्यांना आत घेतलं. २००५ साली दिल्लीच्या कायद्यानं सगळ्या मुलींना घेतलं. २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा हक्क मुलीला जन्मानंच आहे, २००५ साली बाप जिवंत होता की नव्हता ते विचारू नका. भिंत कलली होती, ती पाडून पुन्हा बांधली. गवंडी म्हणतो का की ओळंबा बदलला? ओळंबा तिथंच लोंबत होता, म्हणून तर भिंत कललेली दिसली. ओळंबाच नसता तर तू एवढंच म्हणू शकला असतास की आधी भिंत तिकडं होती, आता इकडं आहे. कायदा सुधारला, हे तुझ्याच तोंडातलं वाक्य तुझं मत खोडून टाकतं.

देव न मानणारी सरळ मापाची माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना हात जोडले आहेत. माप त्यांच्याकडं कुठून आलं यावर मी त्यांच्याशी वाद घातला असता, पण त्यांच्या पायलीत हात घालून बूड चाचपायची वेळ माझ्यावर आली नाही. तू त्यांच्यातला नाहीस. गळ्यात लिंग घालून त्यांच्या ओळीत उभा राहू नकोस.

येत्या सोमवारी उमरग्याच्या गाडीनं जा. फोन करू नकोस, जा. अक्काला आणि दाजींना घेऊन ये. वकिलाला विचारून पहिला कागद रद्द करायची काय ती तजवीज कर, आणि तिचा वाटा तिच्या नावावर करणारा नवा कागद लिहून घे. तो कागद कन्नडातच होईल, चालेल. मी त्या झाडाखाली येऊन बसतो. मी वाचणार नाही, तू वाचायचंस. एकेक शब्द कन्नडात, मग तोच शब्द मराठीत, मोठ्यानं, बोट ओळीखाली ठेवून. आणि वाचून झाल्यावर सही करायची की नाही ते अक्काला विचार.